मुलगी बी.एस्सी. केमिस्ट्रीला आहे, तिच्या पुढच्या तयारीत आम्ही घरच्यांनी नेमकं काय करायचं?

वाइंडिंगवाला (कराड)

नमस्कार मंडळी. ओगलेवाडी रस्त्याला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. कृष्णाकाठच्या शेतकऱ्यांचे पंप, पिठाच्या गिरण्या, जवळपासच्या छोट्या कारखान्यांच्या मोटारी अशी कामं येतात. माझं आयटीआय झालंय, वायरमन. मंडळी दहावी. थोरली मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, केमिस्ट्री. धाकटा दहावीत.

आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली ही पहिलीच, त्यामुळं सल्ला द्यायला गाव लोटलंय. चुलत भाऊ साखर कारखान्यात स्टोअरला आहे. तो म्हणतो डिग्री हातात पडू दे, लॅबमध्ये चिकटवून टाकतो. मेव्हणी शिक्षिका, तिचं म्हणणं बी.एड. शेजारचे निवृत्त तलाठी एमपीएससीशिवाय दुसरं बोलत नाहीत. त्यात पुण्यातल्या एका इन्स्टिट्यूटचा माणूस रोज फोन करतोय. एचपीएलसीचा तीन महिन्यांचा कोर्स, फी ३५,०००, शंभर टक्के प्लेसमेंट, आज अर्धे भरले तर सूट. माझा नंबर त्याला कुठून मिळाला देव जाणे.

मुलीला विचारलं तर कधी एम.एस्सी. म्हणते, कधी "बघू" म्हणते, आणि मी दोनदा विचारलं की ताट उचलून आत जाते. मार्क चांगले आहेत, म्हणजे पहिल्या पाचात वगैरे नाही, पण कुठला विषय राहिलेला नाही. घरी इंग्रजी पेपर येत नाही, तिच्या पुस्तकातलं मला ओ की ठो कळत नाही. अभ्यासात मदत करणं माझ्या हातात नाही, हे उघडच आहे.

पैशाचं सांगायचं तर दुकान उन्हाळ्यात चालतं, पावसाळ्यात माश्या मारायच्या. कोर्सचे ३५,००० काढता येतील, पण ते काढले तर पुढं एम.एस्सी.ला हात आखडावा लागेल.

तर विचारायचं एवढंच. ह्या क्षेत्रात असलेल्यांनी सांगावं, बाप म्हणून मी काय करू? कोर्सला पैसे भरू का? भावाला शब्द टाकून ठेवू का? की गप्प बसू?

---

सोलापूरकर_९

तलाठीकाकांचं ऐका. सरकारी ते सरकारी. आत्तापासून क्लास लावला तर पदवी होईपर्यंत पाया पक्का होईल.

---

शिफ्टइनचार्ज (दौंड)

सोलापूरकर, मुलीला स्पर्धा परीक्षा द्यायचीय असं कुठं लिहिलंय? असो.

दादा, मी कुरकुंभ एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाच्या गुणवत्तेच्या तपासणीला आहे. तुमच्या मुलीसारखी पोरं-पोरी मुलाखतीला येतात तेव्हा टेबलाच्या ह्या बाजूला मी असतो. त्यामुळं मला जे दिसतं ते सांगतो.

आधी कोर्सचं. आत्ता भरू नका. एचपीएलसी मशीन (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं) महाग असतं, एका मशीनभोवती वीस पोरं उभी करतात, शिकवणारा सॅम्पल इंजेक्ट करतो आणि बाकीचे मोबाईलवर फोटो काढतात. मुलाखतीत मी विचारतो, "बेसलाइन, म्हणजे मशीनच्या आलेखाची पायाची रेघ, हलायला लागली तर काय काय तपासशील?" सर्टिफिकेट पुढं करणाऱ्यांची तिथंच बोलती बंद होते. मोबाइल फेजमध्ये (मशीनमधून वाहणाऱ्या द्रवात) हवा राहिली असेल, डिगॅस नीट केलं नसेल, कॉलम स्थिर झाला नसेल, दिवा जुना असेल, यातलं एक जरी नाव आलं तरी मी खूश. आणि "शंभर टक्के प्लेसमेंट" म्हणजे काय ते त्याच्याकडून लेखी मागा. कुठली कंपनी, कंपनीच्या पेरोलवर की ठेकेदाराच्या, पगार किती. फोन आपोआप बंद होतील.

फ्रेशरला आम्ही मशीन विचारतच नाही म्हणा ना. माझा ठरलेला प्रश्न असतो: समोर बाटलीत तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आहे, मला ०.१ नॉर्मलचं (नॉर्मल म्हणजे तीव्रतेचं माप) एक लिटर द्रावण करून दे. पोरं सूत्र म्हणून दाखवतात. मी म्हणतो, सूत्र नको, हात कसा चालवशील ते सांग. फ्लास्कमध्ये आधी पाणी घेणार की ॲसिड? किती मिली घेणार? (साधारण साडेआठ.) खुणेपर्यंत भरल्यावर त्याची नॉर्मॅलिटी खरंच ०.१ आहे हे कशावरून? मग सोडियम कार्बोनेट वाळवून, वजन करून त्याच्याशी टायट्रेशन करायचं, हे जिनं कॉलेजात स्वतःच्या हातानं केलंय ती सहज सांगते. जिनं मैत्रिणीच्या जर्नलातून रीडिंग उतरवलंय तिचं लगेच कळतं. आमच्या कामात तर तो स्वभावाचाच प्रश्न होतो. आमच्याकडं चुकलेला आकडा खोडता येत नाही. एक आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. व्हाइटनर लॅबमध्ये दिसला तर ऑडिटला आमचं काही खरं नसतं.

आता यात बापाचं काय काम? चार गोष्टी पटापट सांगतो.

प्रॅक्टिकलच्या दिवशी तिला घरच्या कामासाठी, पाहुण्यांसाठी, लग्नकार्यासाठी सुट्टी घ्यायला लावू नका. थिअरी घरी वाचून निघते, ब्युरेट घरी नसते.

बायोडाटावर मोबाईल नंबर तिचा, ईमेल तिचा. हसू नका. निम्म्या मुलींच्या बायोडाटावर वडिलांचा नंबर असतो. एचआरचा फोन येतो तेव्हा वडील मोटारसायकलवर किंवा तुमच्यासारखे ग्राइंडरच्या आवाजात. पुन्हा फोन कोण करतंय? यादीत खाली दुसरी तीस नावं असतात. आणि मुलाखतीला सोबत आलात तरी गेटवरच्या चहाच्या टपरीपर्यंत या. "साहेब, पोरगी हुशार आहे, जरा लाजते" हे आत येऊन सांगणारे वडील दर वेळी असतात. माणसं चांगलीच असतात ती, पण मग मुलगी बोलायचीच थांबते.

कागदपत्रं. हे मात्र पूर्ण तुमचं काम, आणि तिच्यापेक्षा तुम्ही ते चांगलं कराल. मार्कशीटवर आपल्याकडं आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. आधारवर नाव आधी. पॅनवर कधी वडिलांचं नाव गायब, कधी स्पेलिंग वेगळं. रुजू होताना पडताळणी करणारी एजन्सी याच्यावरच अडते आणि मग प्रतिज्ञापत्रं करत तहसीलला हेलपाटे. आत्ता दोन वर्षं हातात आहेत, सगळीकडं एक नाव करून घ्या. आरक्षणात बसत असाल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेयर आहे का बघा. केंद्राच्या परीक्षांना ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा चालत नाही. तो किती तारखेनंतरचा हवा हे त्या त्या जाहिरातीत असतं, ते वाचूनच सेतू केंद्रात जा.

आणि घराबाहेर राहण्याचं. नोकरी लागली तर ती कराडात लागायची शक्यता कमी. कुरकुंभ, लोटे, महाड, तारापूर, नाहीतर गुजरात. घर सोडून राहायला तुमची ना आहे की हो, हे आत्ताच ठरवा आणि तिला सांगून टाका. ऑफर लेटर हातात आल्यावर घरी वाद होऊन "सर, घरचे नाही म्हणतायत" असा फोन आला की मला त्या पोरीचं वाईट वाटतं, आणि पुढच्या वर्षी त्या कॉलेजच्या मुलींना बोलवायचं की नाही यावर आमच्या एचआरमध्ये चर्चा होते. चुकीचं आहे, पण होते.

---

वाइंडिंगवाला (कराड)

साहेब, फार उपकार. नंबरचं ऐकून हसलो नाही. तिच्या कॉलेजच्या फॉर्मवर माझाच नंबर आहे, इन्स्टिट्यूटवाल्याला तो तिथूनच मिळाला असणार असं आत्ता लक्षात येतंय. घर सोडून राहण्याचं मंडळींशी अजून बोललेलो नाही. कारखान्याबद्दल कुणी सांगेल का? भावाला काय सांगू?

---

ब्रिक्स_पोल

कारखान्याबद्दल मी सांगतो, वीस-पंचवीस सीझन लॅबमध्ये काढलेत. कुठला कारखाना ते विचारू नका.

भावाचा शब्द नोकरीसाठी खर्च करू नका. चिकटवतो म्हणजे बहुधा सीझनल चिकटवणार. साधारण नोव्हेंबर ते मार्च गाळप, तीन पाळ्या, सीझन संपला की रिटेन्शनवर (अर्धवट पगारावर) घरी. कायम व्हायला किती वर्षं लागतील हे संचालक मंडळ बदलेल तसं बदलतं. साखरेतच करिअर करायचं असेल तर मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, बी.एस्सी. केमिस्ट्रीवर तिथं साखर आणि अल्कोहोल तंत्रज्ञानाचे कोर्स होतात, ते करून आलेल्याला किंमत वेगळी. नुसत्या बी.एस्सी.वर लॅब केमिस्ट म्हणून शिरलेली पोरं दहा वर्षांनीही ब्रिक्सच (रसात विरघळलेल्या घन पदार्थांचं प्रमाण) मोजत असतात. बघितलीत मी.

पण भावाचा उपयोग दुसरीकडं आहे. नवीन शैक्षणिक धोरणात पोरांना ओजेटी आलंय, ऑन जॉब ट्रेनिंग, त्याला क्रेडिट असतात. बरीच मुलं काय करतात? मामाच्या मेडिकलमधून शिक्का मारून आणतात. तिच्या कॉलेजात ते कुठल्या सेमिस्टरला आहे विचारा. जानेवारीनंतरच्या सेमिस्टरला असेल तर आमचा सीझन ऐन भरात असतो. तेव्हा तिला महिनाभर लॅबमध्ये बसवा. रसाचा नमुना येतो, ब्रिक्स घ्यायचा, लेड ॲसिटेटनं निवळायचा, गाळायचा, पोलॅरिमीटरच्या नळीत बुडबुडा न ठेवता भरायचा, पोल (साखरेचं प्रमाण) वाचायचा, प्युरिटी काढायची. तोवर पुढचा नमुना दारात उभा. बगॅसमध्ये (उसाच्या चिपाडात) साखर जास्त जायला लागली की मिलवाला तुमच्या आकड्याला शिव्या घालतो. त्याच्याशी न घाबरता "पुन्हा करून बघितलं, तेवढाच येतोय" म्हणायला शिकली तर शिफ्टइनचार्ज साहेबांच्या टेबलासमोर ती लाजणार नाही.

आणखी एक. साखरेच्या लॅबशेजारी सांडपाण्याची लॅब असते, तिथं सीओडी, बीओडी (पाणी किती दूषित आहे हे मोजायच्या चाचण्या) करतात. आठवडाभर तिथं बसवायला सांगा. हे काम दुधाच्या डेअरीपासून औषधाच्या कंपनीपर्यंत सगळीकडं लागतं, आणि कॉलेजात ते कुणी धड दाखवत नाही.

---

लॅबकोट (हैदराबाद)

काका, मी तुमच्या मुलीच्याच वाटेनं गेलेली. पाटण तालुक्यातलं गाव, कराडला बी.एस्सी., कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात ॲनालिटिकलला एम.एस्सी., आता इथं औषध कंपनीत मेथड डेव्हलपमेंटला (तपासणीच्या पद्धती बसवायच्या कामाला) आहे.

वरच्या दोघांचं पटलं, एका जागी थोडं वेगळं मत आहे. कोर्स सरसकट वाईट नसतो. आमच्या कॉलेजात एचपीएलसी नव्हतंच, मी एम.एस्सी. झाल्यावर पुण्यात केला आणि मला फायदा झाला. पण तेव्हा मला काय विचारायचं ते कळत होतं. बॅचमध्ये किती जण, मी स्वतः किती इंजेक्शन देणार, सॉफ्टवेअरवर स्वतः बसायला मिळणार का, हे विचारून मगच पैसे भरले. दुसऱ्या वर्षाच्या मुलीला ते विचारता येणार नाही.

ती "बघू" म्हणून आत जाते ना, त्याचं कारण कदाचित तुम्हाला वाटतंय ते नसेल. मीही जायचे. मला एम.एस्सी. करायची होती आणि घरात पैसे आहेत का नाहीत ते माहीत नव्हतं. विचारलं तर वडिलांना लाज वाटेल अशी भीती. शेवटी टी.वाय.च्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) दिवाळीत वडिलांनीच वही काढली. उसाचं बिल, सोसायटीचं कर्ज, भावाची फी, सगळं दाखवलं. म्हणाले, "दोन वर्षं मी खेचतो. तिसरं वर्ष माझ्याच्यानं होणार नाही." त्यावर मी सगळी आखणी केली. पीएच.डी.चा विचार बाजूला ठेवला, हॉस्टेलला कमवा आणि शिका योजनेत काम घेतलं, एम.एस्सी.च्या शेवटच्या सेमिस्टरला पहिली चांगली नोकरी मिळाली ती घेतली. तुम्ही इथं आम्हाला जे लिहिलंत ना, कोर्सचे काढले तर एम.एस्सी.ला हात आखडेल, ते वाक्य तिला सांगितलंय का? तिला सांगा. ती एकोणीस-वीस वर्षांची आहे, तिला हिशोब कळतो.

एम.एस्सी. ठरली तर तिला 'जाम' परीक्षेबद्दल माहिती आहे का विचारा. आयआयटीत एम.एस्सी.ला त्यावर प्रवेश मिळतो, आयआयएस्सी आणि बऱ्याच एनआयटीसुद्धा तो स्कोअर घेतात. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, परीक्षा फेब्रुवारीत, आणि पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाच देता येते. मुलींना फी निम्मी असते. आमच्या वर्गात हे निम्म्याजणींना फेब्रुवारी उलटून गेल्यावर कळलं. नाही आयआयटी मिळाली तरी त्या अभ्यासावर विद्यापीठाची प्रवेश परीक्षा सोपी जाते. शिवाय आता चार वर्षांची ऑनर्स पदवी केली तर नंतर एम.एस्सी. एका वर्षाची होते. तिच्या कॉलेजात चौथं वर्ष सुरू झालंय का, आणि तेच करायचं की तीन अधिक दोन, याचा खर्च दोन्हीकडून मांडून बघा. हॉस्टेलच्या एका वर्षाचा फरक पडतो.

आणि एक स्पष्टच लिहिते, राग मानू नका. टी.वाय.च्या वर्षात स्थळं आणू नका. "नुसतं बघून जातील" हेसुद्धा नको. फेब्रुवारीत परीक्षा आणि जानेवारीत कांदेपोहे, माझ्या मैत्रिणीचं असं झालंय. पाहुणे रविवारी येतात, पण घर गुरुवारपासून त्यातच असतं. नातेवाइकांना तोंड द्यायचं काम तुमचं आणि काकूंचं. "यंदा नाही" असं तुम्ही म्हणालात तर विषय संपतो. तिनं म्हटलं तर ती आगाऊ ठरते.

---

शिफ्टइनचार्ज (दौंड)

लॅबकोट, कोर्सचं मान्य. कधी करायचा हाच मुद्दा होता.

दादा, एक राहिलं. पदवीनंतर लगेच एम.एस्सी. नकोच म्हणाली तर अप्रेंटिसशिप बघा, केंद्राच्या नॅट्स पोर्टलवर पदवीधरांची नोंदणी होते. वर्षभर स्टायपेंड, त्यातला काही वाटा सरकार देतं, शेवटी प्रमाणपत्र. कायम नोकरीची हमी नाही, पण आमच्याकडं ट्रेनीमधूनच लोक उचलले जातात. नोंदणी तिची तिला करू द्या, ओटीपी तिच्या मोबाईलवर.

---

वाइंडिंगवाला (कराड)

सगळ्यांचे आभार. काल रात्री दुकानाची वही आणि पासबुक घेऊन बसलो, मंडळींनाही बसवलं. पोरीनं आकडे बघून पहिला प्रश्न केला तो धाकट्याच्या अकरावीचा. त्याला क्लास लावणार असाल तर माझी एम.एस्सी. जमते का बघा, म्हणाली. तिच्या डोक्यात हे चाललंय ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. 'जाम'चं तिला माहीत होतं, सीनियर मुलीकडून जुने पेपरही आणून ठेवलेत. घरापासून लांब राहण्याबद्दल मंडळींचं अजून ठरत नाहीये, मुंबई-पुणे चालेल पण गुजरात नको असं चाललंय. ते होईल हळूहळू. स्थळाचं लॅबकोट ताईंनी लिहिलं ते मी वाचून दाखवलं, मेव्हणीला फोन मंडळी स्वतः करणार आहेत.

इन्स्टिट्यूटवाल्याला पेरोल आणि पगार लेखी मागितला. आज फोन नाही.

ब्रिक्स_पोल साहेब, ओजेटी टी.वाय.च्या दुसऱ्या सेमिस्टरला आहे असं तिनं विचारून आणलंय. भाऊ तयार आहे. अर्ज कुणाच्या नावानं करायचा?

---

ब्रिक्स_पोल

अर्ज तुम्ही करू नका, भावानंही नको. कॉलेजच्या लेटरहेडवर प्राचार्यांच्या सहीचं पत्र, कार्यकारी संचालकांच्या नावानं, प्रत चीफ केमिस्टला. पत्रात तारखा, एकूण तास आणि "साखर व सांडपाणी प्रयोगशाळा" असं दोन्ही स्पष्ट लिहायला सांगा, नाहीतर ऑफिसात रजिस्टर लिहायला बसवतील. पत्र गाळप सुरू व्हायच्या आधी, सप्टेंबरात द्या. सीझन लागल्यावर चीफ केमिस्टला कागद वाचायला वेळ नसतो. भावानं फक्त ते पत्र टेबलावरून हलतंय ना एवढं बघायचं. पाळी दिवसाची मागा, बंद बूट आणि सुती कपडे. आणि स्वतःची वही न्यायला सांगा, रोजची रीडिंग्ज तिच्या अक्षरात हवीत.